मिक्स 2 आणि बाकीचा खोका

9 जून
खोका शेवटी माळ्यावरून खाली आला. मोजदाद केली, 31 सीडी, 14 कॅसेट आणि 3 एलपी, एलपी वाजवायला माझ्याकडे काही नाही त्यामुळे त्या परत वर. सगळीच्या सगळी कॉम्पिलेशन. एका गायकाचा किंवा बँडचा असा स्वतःचा अल्बम यात एकही नाही, कारण आम्ही तसे कधी घेतलेच नाहीत, एका अल्बममधली दोन गाणी आवडायची मग बाकीच्या दहांसाठी पैसे कशाला, असा सरळ हिशोब होता. दादाने प्रत्येक कव्हरवर आवडत्या गाण्यांपुढे पेन्सिलने टिक केलीय. माझ्या टिका कुठेच नाहीत, मला पेन्सिल मिळायचीच नाही.

प्रकल्प असा: सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, प्रत्येक गाण्याचं नाव, मूळ साल आणि नेमकं कुठलं व्हर्जन आहे ते लिहायचं, आणि मूळ क्रमानेच ऐकायचं. शफल बंद. ही अट मीच मला घातलीय.

11 जून
सीडीपासून सुरुवात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा सीडीची कॉपी काढणारा प्रोग्राम लावलं, एफएलएसी मध्ये साठवतेय, म्हणजे फाइल लहान होते पण आवाजातलं काही जात नाही. चकतीवर चरे असले की ते तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचत बसतं आणि शेवटी दुसऱ्यांनी त्याच सीडीची काढलेली कॉपी आपल्याशी जुळते का ते ॲक्युरेटरिपमधून तपासतं. जुळलं की जे समाधान मिळतं ते गणित बरोबर आल्यासारखं असतं. आज 4 सीडी झाल्या. एका चकतीवर कडेला तांबूस डाग पडलाय, शेवटचं गाणं वाचायला 40 मिनिटं घेतली आणि तरी दोन ठिकाणी खरखर राहिलीच.

14 जून
टॅगची, म्हणजे फाइलसोबतच्या नाव-सालाच्या नोंदींची, कटकट. डेटाबेसमधून माहिती आपोआप येते खरी पण साल येतं ते कॉम्पिलेशनचं, त्यामुळे 1966 चं गाणं माझ्या प्लेयरमध्ये 1994 चं म्हणून बसलंय, आणि सालानुसार लावलं की सगळा पसारा. मूळ सालाचं वेगळं खातं असतं, ते हाताने भरावं लागतंय. अल्बमच्या कलाकाराच्या जागी "विविध कलाकार" न टाकता एक सीडी आत घेतली तर तिचे 18 गाण्यांचे 18 अल्बम झाले. तासभर गेला निस्तरण्यात.

15 जून
आज फक्त ऐकलं. एक गोष्ट लक्षात आली ती विसरायच्या आत लिहून ठेवते. मोठी हिट गाणी ऐकताना मला काहीच होत नाही. म्हणजे छान वाटतं, पाय हलतो, पण ती कधी हरवलीच नव्हती ना, रेडिओ, जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ, सगळीकडे भेटतच होती. खरी गंमत मधल्या गाण्यांची आहे, सीडीवर नववं, अकरावं, दोन धडाकेबाज हिटच्या मध्ये चेपून बसवलेलं, ज्याच्यापुढे दादाची टिकही नाही आणि जे मी विसरलेय हेसुद्धा मी विसरले होते. पहिले चार सूर वाजले आणि पुढचं अख्खं गाणं तोंडातून बाहेर पडलं, शब्द चुकीचे, चाल बरोबर.

लहानपणीची आणि तरुणपणीची, म्हणजे साधारण दहा ते तिशीच्या मधली गाणी जास्त चिकटतात, असं मानसशास्त्रवाले म्हणतात आणि त्याला रेमिनिसन्स बम्प असं नाव आहे. असेल. पण मग नववं गाणं पहिल्यापेक्षा जास्त का हलवतं? माझं म्हणणं असं की पहिलं गाणं नंतर हजारदा ऐकून त्यावर पुढच्या सगळ्या वर्षांचे थर चढलेत, नववं मात्र जिथे ठेवलं होतं तिथेच पडून होतं.

18 जून
व्हर्जनचा घोळ सुरू. हे काम सोपं वाटलं होतं.

बगल्स या बँडचं "व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार", 1979. माझ्या सीडीवर सिंगलवालं, म्हणजे एकट्या गाण्याच्या वेगळ्या रेकॉर्डवरचं आहे, साडेतीन मिनिटांच्या आत फेड होऊन संपतं. आज पहिल्यांदा अल्बमवालं ऐकलं, ते सव्वाचार मिनिटांच्या आसपास आहे आणि गाणं संपल्यावर पियानोचा एक शेपटीसारखा तुकडा येतो. मला इतकं विचित्र वाटलं, जसं काही पाहुणे निरोप घेऊन गेले आणि परत आत येऊन बसले. अल्बमवर तो आहेच, पण माझ्या डोक्यात तो चुकीचा.

बॉनी टायलरचं "टोटल एक्लिप्स" त्याहून मोठं उदाहरण, अल्बमवर जवळपास 7 मिनिटं आणि सिंगलवर साडेचार. म्हणजे अडीच मिनिटांचं गाणं मी कधी ऐकलेलंच नाही आणि तरी मला ते पाठ आहे असं मी इतकी वर्षं सांगतेय.

आणि आ-हाचं "टेक ऑन मी", ते तर 1984 ला एकदा येऊन पडलं होतं, वेगळा निर्माता, वेगळा साज, मग 1985 ला नव्याने रेकॉर्ड करून आलं ते जगभर गाजलं. दोन्ही लागोपाठ ऐकली तर पहिलं म्हणजे दुसऱ्याची रंगीत तालीम वाटते.

वहीत आता एक रकाना वाढवला: "माझ्या डोक्यातलं व्हर्जन".

22 जून
फसवणूक सापडली! एका सीडीवरची 20 पैकी 13 गाणी मूळ नाहीतच. आवाज तोच पण थकलेला, ड्रम प्लास्टिकचे. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलंय की यातली काही गाणी मूळ कलाकारांनी पुन्हा रेकॉर्ड केलेली आहेत. "काही" म्हणजे 13.

कारण समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो. मूळ रेकॉर्डिंगची मालक बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनी असते, गायक नव्हे. कॉम्पिलेशन काढणाऱ्याला प्रत्येक गाण्यासाठी त्या त्या मालकाकडून परवाना घ्यावा लागतो आणि तो महाग. मग वीस वर्षांनी त्याच गायकाला स्टुडिओत बोलवून तेच गाणं पुन्हा गाऊन घेतलं की नव्या रेकॉर्डिंगची मालकी वेगळी आणि काम स्वस्तात. गायकालाही दोन पैसे मिळतात, जे कदाचित मूळ गाण्यातून मिळाले नसतील. तरीही. कव्हरवर त्याचा विशीतला फोटो लावून आत पन्नाशीतला आवाज देणं हे काही बरोबर नाही.

आणि त्याच्याही आधी याहून धीट प्रकार होता, ब्रिटनमध्ये 1968 पासून "टॉप ऑफ द पॉप्स" नावाच्या स्वस्त एलपी निघायच्या त्यात मूळ गायक नसायचाच, रोजंदारीवरचे गायक हुबेहूब नक्कल करायचे. एल्टन जॉनने नाव व्हायच्या आधी असल्या नकलांच्या रेकॉर्डसाठी गायलंय. म्हणजे उद्याचा स्टार आजच्या स्टारची नक्कल करतोय आणि कव्हरवर नाव दोघांचंही नाही.

23 जून
काही नाही. कंटाळा.

29 जून
एक जुनी सीडी कानाला टोचत होती, सगळं चिरकं, झांजा तर सुया टोचल्यासारख्या. मला वाटलं सीडीच खराब. मग कळलं की सुरुवातीच्या काळातल्या काही सीडी प्री-एम्फसिस लावून बनवायचे, म्हणजे रेकॉर्ड करताना वरचे सूर मुद्दाम उचलायचे आणि प्लेयरने वाजवताना तेवढेच खाली आणायचे, त्यात मागची बारीक सरसर दबते. सीडी प्लेयर हे चकतीवरची खूण बघून आपोआप करतो पण कॉम्प्युटरवर कॉपी काढली की ती खूण मागे राहते आणि आपल्याला उचललेलेच सूर ऐकू येतात. सॉक्स नावाच्या आवाजावर काम करणाऱ्या प्रोग्राममध्ये त्यासाठी तयार फिल्टर आहे. लावला आणि गाणी घरी आली. आता आधी काढलेल्या सगळ्या सीडी परत तपासायच्या, त्यात अजून एक निघाली.

3 जुलै
आवाजाची पातळी. प्लेयरला रिप्लेगेन, म्हणजे गाण्यांचा कमीजास्त आवाज एका पातळीवर आणणारी सोय, दोन तऱ्हेने लावता येतो, गाण्यागणिक किंवा अख्ख्या अल्बमला मिळून. मी अल्बमवालं निवडलं. कॉम्पिलेशनमध्ये वेगवेगळ्या काळाची गाणी असतात त्यामुळे गाण्यागणिक बरं पडेल असं वाटतं, पण एखाद्या दणदणीत गाण्यानंतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं असतं, ते उचललं की ज्याने हा क्रम लावला त्याचा सगळा विचारच पुसला जातो. कोणीतरी बसून हा क्रम लावलाय हे मला आता पटत चाललंय. पहिलं सगळ्यांना माहीत असलेलं, बाजू संपताना लांब किंवा हळुवार, आणि उरलंसुरलं मध्ये.

8 जुलै
सीडी संपल्या. एक प्रयोग म्हणून एका 18 गाण्यांच्या सीडीची तशीच यादी स्ट्रीमिंगवर बनवून पाहिली. 15 सापडली. त्यातली दोन पुन्हा रेकॉर्ड केलेली आणि एक कोणीतरी "रिमास्टर" करून भिंतीएवढी मोठ्ठी केलेली. उरलेली तीन नाहीतच. ती तीनही कुठली असतील? सातवं, दहावं, चौदावं. मधलीच.

13 जुलै
आता कॅसेट. बाहेर उकडतंय आणि मी जमिनीवर बसून बारीक स्क्रू शोधतेय.

14 पैकी 5 कॅसेटमधला फोमचा छोटा तुकडा गळून पडलाय, तोच जो फितीला हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. तो नसला की आवाज येतो आणि जातो. स्क्रूवाल्या कॅसेट उघडून दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली, सोपं आहे, फक्त हात थरथरता कामा नये. दोन कॅसेट चिकटवून बंद केलेल्या आहेत, त्या फोडाव्या लागतील. मग हेडचा कोन. हेडशेजारच्या स्क्रूने तो अगदी किंचित फिरवायचा, डावा-उजवा एकत्र करून ऐकायचं आणि वरचे सूर जिथे सगळ्यात मोकळे होतील तिथे थांबायचं. पाव वळणाने इतका फरक पडतो की धुकं सरल्यासारखं वाटतं.

दादाचा फोन आला, म्हणाला, "ती मिक्स 2 सापडली का बघ." म्हटलं, "आहे. कव्हर नाही पण आहे." तर म्हणे, "कव्हर नव्हतंच तिला, मीच कॉपी केली होती एका एलपीवरून, एका रात्रीसाठी मिळाली होती." कोणाची एलपी, कुठली, काही आठवत नाही. टीव्हीवर जाहिरात यायची तसली, एवढंच.

16 जुलै
टीव्हीवर जाहिरात यायची तसली, यावर थोडं वाचन केलं आणि रात्र गेली.

जुन्या हिट गाण्यांचं विविध कलाकारांचं कॉम्पिलेशन गाजवलं ते अमेरिकेत आर्ट लाबो नावाच्या रेडिओवाल्याने, 1959 ला, "ओल्डीज बट गुडीज" या नावाने. गंमत म्हणजे त्यातली "जुनी" गाणी जेमतेम काही वर्षांपूर्वीची होती. मग कॅनडातल्या विनिपेगचे फिलिप काइव्हज, हे मुळात टीव्हीवर स्वयंपाकघरातली चिरायची-किसायची यंत्रं विकायचे, त्यांनी 1966 ला त्याच पद्धतीने रेकॉर्ड विकून पाहिली, 25 कंट्री गाणी एका एलपीत. अशा रेकॉर्डसाठी गाजलेली के-टेल कंपनी ती त्यांचीच. एका बाजूला दहा-अकरा गाणी कोंबायची म्हणजे एलपीची रेघ जवळ जवळ काढावी लागते, रेघ जवळ आली की आवाज हळू ठेवावा लागतो आणि बेस कापावा लागतो, आणि तरी मावत नाही म्हणून गाणीच छाटायची. एखादं कडवं उडव, शेवट लवकर फेड कर. माझ्या पिढीतल्या कित्येकांना ती छाटलेलीच गाणी पाठ असणार.

मग 28 नोव्हेंबर 1983 ला व्हर्जिन आणि ईएमआय या दोन मोठ्या कंपन्यांनी आपली हिट गाणी दुसऱ्याला भाड्याने देण्यापेक्षा आपणच विकू म्हणून "नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक" काढलं, दोन एलपी, 30 गाणी. नाव आलं कुठून तर डॅनिश बेकनच्या एका जुन्या पोस्टरवरून, ज्यात कोंबडी गातेय आणि डुक्कर ऐकतंय. ही कॉम्पिलेशन इतकी खपायला लागली की जानेवारी 1989 मध्ये ब्रिटनच्या अल्बम चार्टमधून त्यांना बाहेर काढून वेगळा चार्ट करावा लागला. पंगतीत एकच जण सगळं संपवायला लागला की त्याचं पान वेगळं मांडतात तसं.

20 जुलै
मिक्स 2 लावली.

60 मिनिटांची कॅसेट, एका बाजूला 30. लेबलवर दादाचं अक्षर. सगळं 1983 च्या आसपासचं. आणि सगळं किंचित घाईत, सगळ्यांना बस पकडायचीय असं गातायत. चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये एक "टक्", पॉजचं बटण दाबल्याचं.

आणि बाजू अ च्या शेवटी एक गाणं. घंटांसारखा झगमगाट, एक मुलगी गातेय की लोक काहीही म्हणोत, त्यांना आपल्याबद्दल काय माहीत. मधला वाद्यांचा तुकडा सुरू होतो आणि खट्. फीत संपली.

मी हे गाणं पूर्ण विसरले होते. आणि ते "खट्" मला पाठ होतं. म्हणजे ते यायच्या अर्धा सेकंद आधी माझा हात आपोआप बाजू पलटायला उठला.

21 जुलै
शब्दांवरून शोधलं, दोन मिनिटांत मिळालं. "दे डोन्ट नो". पण दोन निघाली. कर्स्टी मॅककॉलने स्वतः लिहून 1979 ला गायलेलं, जे रेडिओवर खूप वाजलं पण वितरकाकडच्या संपामुळे रेकॉर्डच दुकानात पोचल्या नाहीत. आणि ट्रेसी उलमनने 1983 ला गायलेलं, जे ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. मांडणी बरीचशी सारखी. माझ्या कॅसेटवर कुठलं?

सालावरून दुसरं असावं. पण दादाच्या पॉजच्या बटणावर माझा विश्वास नाही, मध्ये दुसरंच काहीतरी घुसवलेलं असू शकतं. आवाजावरून सांगता येईना कारण वेग चुकलेला. गाणं ओळखणाऱ्या ॲपला ऐकवलं, त्यानेही हात वर केले.

24 जुलै
वेग दुरुस्त करायला आधी वेडेपणा केला. कॅसेटवरच्या एका ओळखीच्या गाण्याची लांबी आणि मूळ गाण्याची लांबी घेऊन भागाकार केला, उत्तर आलं 20 टक्के जास्त वेग. तसं असतं तर सगळे उंदरासारखे गायले असते. मग ट्यूब पेटली, एलपीवाल्याने शेवट छाटलाय ना! पूर्ण लांबी कशी जुळेल.

म्हणून गाण्याच्या आतलं अंतर मोजलं, पहिल्या मुखड्याच्या पहिल्या ठोक्यापासून दुसऱ्या मुखड्याच्या पहिल्या ठोक्यापर्यंत. मूळ 62.0 सेकंद, कॅसेटवर 59.9. म्हणजे साडेतीन टक्के घाई. आणखी दोन गाण्यांवर तेच आलं. पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत जवळपास 6 टक्क्यांचं अंतर असतं, तर हे त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, म्हणून ना ती पट्टी ना ही पट्टी, पेटी घेऊन बसलं तरी सूर जुळणार नाही.

माझा डेक चुकतोय का? विकतच्या कॅसेटवर तपासलं, तो बरोबर आहे. म्हणजे कॉपी करताना दादाचा डेक हळू चालत होता. आणि हळू चालला म्हणजे 30 मिनिटांच्या फितीवर 31 मिनिटांचं संगीत मावलं. तो डेक नीट असता तर ते शेवटचं गाणं मला दोनऐवजी एकच मिनिट मिळालं असतं.

25 जुलै
वेग उतरवून पुन्हा ॲपला ऐकवलं. लगेच उत्तर, ट्रेसी उलमन.

दादाला कळवलं. त्याला गाणं आठवेना. म्हटलं, "अरे बाजू अ चं शेवटचं, मध्येच तुटतं ते." "हां, ते भरतीचं," म्हणाला. आणि चौथ्या-पाचव्याच्या मधल्या टक् चं विचारलं तर हसायला लागला, "तिथलं एक गाणं मला अजिबात आवडायचं नाही, गाळलं." कुठलं? "आठवत नाही." म्हणजे मी ज्या क्रमाला इतका मान देतेय त्यात एक संपादक घरातलाच होता, चौदा वर्षांचा, आणि त्याने काय कापलं ते आता त्यालाही सांगता येत नाही. तो न आवडणारा प्रकार गाळला नसता तर भरतीचं गाणं फितीवर आलंच नसतं हेही आहे.

27 जुलै
पूर्ण गाणं ऐकलं. तीन मिनिटांचं आहे. मी इतकी वर्षं पहिली दोनच मिनिटं ऐकली होती.

मधला तुकडा संपतो, सगळं क्षणभर थांबतं आणि एक आवाज एकदम वर चढून "बेबी" म्हणतो. एकच शब्द. मी फाइल थांबवून मागे घेतली, चार-पाच वेळा. मग वाचलं की तो सूर ट्रेसी उलमनला गाठता येत नव्हता म्हणून तिथे कर्स्टी मॅककॉलचा आवाज आहे. मागचा कोरसही तिचाच. म्हणजे जिचं गाणं संपामुळे दुकानात पोचलं नाही तीच या दुसरीच्या हिटमध्ये एका शब्दापुरती पुढे येऊन उभी राहते, आणि नेमकी तिथेच आमची फीत संपायची.

3 ऑगस्ट
उरलेल्या कॅसेट झाल्या. चिकटवलेल्या दोनपैकी एक फोडताना फीत तुटली, सांधली, अर्धा सेकंद गेला. वहीत लिहिलंय कुठे ते.

4 ऑगस्ट
मिक्स 2 दोन प्रकारे साठवली, एक वेग दुरुस्त केलेली आणि एक जशीच्या तशी. दुरुस्त केलेलीत बाजू अ च्या शेवटी पूर्ण गाणं जोडावं का यावर दोन दिवस घालवले. जोडलं. ऐकलं. "बेबी" यायच्या जरा आधी हात उठला बाजू पलटायला.

काढून टाकलं. पूर्ण गाणं वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. वहीच्या शेवटच्या रकान्यात, डोक्यातलं व्हर्जन: 2 मिनिटं, साडेतीन टक्के घाईत, शेवट खट्.

दादाला फाइल पाठवली. तो म्हणतो त्याच्याकडे मिक्स 1 होती ती कुठेय.